बिगुलाचे चार सूर आणि एक खोटी गोष्ट



परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. जिंतूर तालुक्यातले म्हणा, पालममधले म्हणा, नाही तर गंगाखेडजवळचे. गावचा जवान सीमेवर धारातीर्थी पडला आहे. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते. शाळेच्या मैदानावर सारा पंचक्रोशीचा समाज जमतो. हवेत बंदुकीच्या फैरी झडतात. मग सगळे एकदम शांत होते आणि त्या शांततेत एकटे बिगुल वाजू लागते. त्या सुरांना शब्द नाहीत, साथीला पेटी नाही, तबला नाही. तरीही मैदानावरचा प्रत्येक माणूस त्या वेळी मान खाली घालतो.

तुमच्यापैकी काहींनी हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला असेल. बाकीच्यांनी निदान दूरदर्शनवर तरी पाहिला असेल. तो पाहिल्यावर एक प्रश्न मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ही धून कोणी बांधली? केव्हा? आणि कशासाठी?

या प्रश्नाला उत्तर म्हणून एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ती पुस्तकांत छापली गेली, भाषणांत सांगितली गेली, आता ती मोबाइलवरच्या संदेशांतूनही फिरते. गोष्ट मोठी हृदयस्पर्शी आहे. आधी ती ऐका. मग आपण ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तपासावी तशी तपासून पाहू.

गोष्ट अशी सांगतात

साल १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. उत्तरेकडे संघराज्याची फौज, दक्षिणेकडे फुटून निघालेल्या राज्यांची फौज. व्हर्जिनिया राज्यात हॅरिसन्स लँडिंग नावाच्या ठिकाणी दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. मध्ये थोडी मोकळी जमीन. रात्री त्या जमिनीवरून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला. रॉबर्ट एलिकोम नावाचा उत्तरेचा कप्तान जिवाची पर्वा न करता सरपटत गेला आणि त्या जखमी सैनिकाला ओढत आपल्या छावणीत घेऊन आला. येईपर्यंत सैनिकाचे प्राण गेले होते. तो निघाला शत्रुपक्षाचा. कप्तानाने कंदील पेटवला, त्याच्या चेहऱ्याजवळ नेला आणि त्याचा श्वासच अडकला. तो त्याचा स्वतःचा मुलगा होता. दक्षिणेत संगीत शिकायला गेलेला हा मुलगा बापाला न कळवता तिकडच्या फौजेत भरती झाला होता.

दुसऱ्या दिवशी बापाने वरिष्ठांकडे विनंती केली की मुलाला लष्करी बँडच्या मानवंदनेसह मूठमाती द्यावी. शत्रूच्या सैनिकाला बँड कसा मिळणार? फक्त एक वादक मिळाला. बापाने बिगुलवाला निवडला. मुलाच्या खिशात सुरांच्या खुणा लिहिलेला एक कागद सापडला होता. तेच सूर बिगुलावर वाजवले गेले आणि ती धून अमर झाली.

वाचताना गळा दाटून येतो ना? येतोच. पण गळा दाटून आला म्हणजे गोष्ट खरी ठरली, असे मात्र नाही. आता तपासाला लागू या.

पहिला प्रश्न : कोणती धून?

तपासाचा पहिला नियम असा की आपण नेमके कशाविषयी बोलत आहोत हे आधी ठरवायचे. वरची गोष्ट सांगितली जाते ती 'टॅप्स' या अमेरिकन धूनेविषयी. आपल्याकडे जवानाच्या अंत्यसंस्कारात वाजते ती 'लास्ट पोस्ट' ही वेगळी धून. तिच्यानंतर काही क्षण स्तब्धता पाळतात आणि मग 'राऊज' ही पहाटेच्या जागरणाची धून वाजते. रात्र झाली, दिवस उजाडला, असा त्या दोन्हींचा अर्थ.

'लास्ट पोस्ट' ब्रिटिश फौजेतून आपल्या फौजेत आली. रात्री अधिकारी छावणीतल्या पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरे. फेरी सुरू झाली की एक संकेत वाजे आणि शेवटची चौकी तपासून झाली की दुसरा. हा दुसरा संकेत म्हणजे 'लास्ट पोस्ट', शब्दशः शेवटची चौकी. 'आजचे काम संपले, पहारा जागेवर आहे, आता विसावा घ्या' एवढाच त्याचा रोजचा अर्थ. पुढे एकोणिसाव्या शतकात हाच संकेत सैनिकाच्या दफनविधीत वाजू लागला. ज्याची शेवटची फेरी पुरी झाली, त्याला हा निरोप. ही धून १७९० च्या दशकातच छापली गेली होती. म्हणजे गोष्टीतल्या १८६२ सालाच्याही सुमारे सत्तर वर्षे आधी. तेव्हा आपल्या गावात वाजणाऱ्या बिगुलाला कोणी ही गोष्ट चिकटवली, तर नुसते साल पाहूनच ती गळून पडते.

पण 'टॅप्स'चे काय? तिथे अजून तपास बाकी आहे. त्यासाठी आधी बिगुल हे वाद्य काय आहे ते समजून घेऊ.

नळीला ठाऊक असलेले सूर

बिगुल हातात घेऊन नीट पाहा. बासरीसारखी त्याला छिद्रे नाहीत. पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बँडमधल्या ट्रम्पेटला असतात तशा कळाही नाहीत. आहे ती फक्त वेटोळे घातलेली एक पितळी किंवा तांब्याची नळी. एका टोकाला ओठ टेकवायची वाटी, दुसऱ्या टोकाला पसरट तोंड. मग यातून वेगवेगळे सूर निघतात कसे?

वादक बिगुलात नुसती फुंकर मारत नाही. ओठ घट्ट मिटून तो त्यांतून हवा सोडतो, त्यामुळे ओठ थरथरतात. ही थरथर नळीतल्या हवेला हलवते. पण नळीतली हवा वाटेल त्या थरथरीला साथ देत नाही. झोक्याला जशी ठराविक लयीत ढकलल्यावरच उंची मिळते, तशी नळीतली हवा ठराविक वारंवारतांनाच जोराने प्रतिसाद देते. यालाच आपण अनुनाद म्हणतो.

आता थोडे गणित करू. बिगुलाची नळी निमुळती सुरू होऊन रुंद होत जाते. अशा नळीत सर्वांत खालच्या सुराची वारंवारता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा आणि नळीची परिणामी लांबी १.४८ मीटर धरा. उत्तर येते सुमारे ११६.५ हर्ट्झ. हा झाला मूलस्वर. बाकीचे सूर याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींतच मिळतात. २३३, ३५०, ४६६, ५८३ आणि ६९९ हर्ट्झ. मधले काही नाही. वादकाने ओठ थोडे अधिक ताणले की सूर एका पायरीवरून पुढच्या पायरीवर उडी मारतो. बिगुल ही जणू सुरांची शिडी आहे. पाय ठेवायचा तो पायरीवरच, दोन पायऱ्यांच्या मध्ये ठेवायला जागा नाही.

ज्यांच्या घरी गाण्याचा रियाज चालतो त्यांनी आता कान टवकारावेत. चौथ्या पटीला सा म्हटले, तर पाचवी पट होते शुद्ध गंधार आणि सहावी पट पंचम. तिसरी पट म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम. म्हणजे प, सा, ग, प. यांचे प्रमाण ३ : ४ : ५ : ६. तानपुऱ्याची खर्जाची तार चांगली जुळली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो गंधारही त्या तारेच्या मूलस्वराची पाचवी पटच. तानपुऱ्याची तार आणि बिगुलाची नळी, दोघींनाही निसर्गाचा एकच नियम लागू आहे. आपल्याकडची तुतारी आणि शिंग हीही याच नियमाने वाजतात.

'टॅप्स' या धूनेत एकंदर २४ स्वर आहेत. पण त्यांत वेगवेगळे सूर चारच, वर सांगितलेले प, सा, ग, प. जगातले बहुतेक बिगुल-संकेत अशाच चार-पाच सुरांत बांधलेले असतात, कारण नळीजवळ दुसरे सूर फारसे नाहीतच. म्हणून कोणत्याही दोन बिगुल-धुना एकमेकींच्या बहिणी वाटतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जाता जाता एक शंका. मे महिन्यात परभणीत पारा चाळिसाच्या पुढे जातो. तेव्हा बिगुल बेसूर होत असेल का? तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो. २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. त्यामुळे बिगुलाचा सूर किंचित चढतो. पण सगळेच सूर एकाच प्रमाणात चढतात. ३ : ४ : ५ : ६ हे प्रमाण जसेच्या तसे राहते. म्हणून धून तीच ऐकू येते.

करून पाहा

ठिबक सिंचनाची, छिद्रे नसलेली, सुमारे दीड मीटर लांबीची नळी घ्या. एका टोकात प्लॅस्टिकचे नरसाळे घट्ट बसवा. दुसरे टोक स्वच्छ धुऊन ओठांशी लावा आणि ओठ थरथरवत हवा सोडा. पहिल्या दिवशी विचित्र आवाज येतील, वर्ग हसेल. हसू द्या. थोड्या सरावाने एक भरदार सूर निघेल. मग ओठ ताणा. सूर हळूहळू चढत नाही, तर एकदम उडी मारतो, हे तुम्हांला स्वतःला जाणवेल. तुमच्या नळीचे सूर बिगुलाइतके नेटके जुळणार नाहीत. ओठांकडून बंद असलेली सरळ नळी विषम पटींकडे झुकते. बिगुलाचा निमुळता आकार सगळ्या पटी मिळवून देतो. नळीची लांबी कमी करून पाहा आणि काय बदलते त्याची नोंद ठेवा.

फौजेला बिगुल का लागले?

रणांगणावर तोफांच्या गडगडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. तार नव्हती, बिनतारी संदेश नव्हता, तेव्हा हुकूम पोचवायचा कसा? ढोल होते, पण पांगून लढणाऱ्या चपळ पायदळाला ढोल वाहून नेणे अवघड. बिगुल हलके, कमरेला अडकवता येणारे. शिवाय जोराने फुंकले की त्याच्या आवाजात वरच्या पटींचा भरणा वाढतो आणि आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून बिगुलाचा आवाज गोंगाट चिरून जातो. अशा चपळ पायदळाला लाइट इन्फन्ट्री म्हणत आणि बिगुल ही त्यांची खूण बनली. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात बिगुल आहे, ते याच परंपरेतून.

म्हणजे बिगुलाची धून हा आधी हुकूम होता, संगीत नंतर. उठा, जेवा, गोळा व्हा, दिवे मालवा, हे सारे बिगुल सांगे. 'टॅप्स' हा असाच एक हुकूम होता, दिवे मालवून झोपा, असे सांगणारा. हे ध्यानात ठेवून आता पुन्हा त्या गोष्टीकडे वळू.

गोष्टीची उलटतपासणी

पहिला प्रश्न असा की कप्तान एलिकोम कोण? फौजेत अधिकाऱ्यांची नोंद असते. संघराज्याच्या फौजेच्या कागदपत्रांत अभ्यासकांनी शोध घेतला. रॉबर्ट एलिकोम नावाचा कप्तान सापडला नाही.

दुसरा प्रश्न असा की ही गोष्ट प्रथम कधी ऐकू आली? १८९८ साली अमेरिकेत 'सेंच्युरी' या मासिकात गुस्ताव्ह कोबे या संगीतलेखकाने लष्करी बिगुल-संकेतांवर लेख लिहिला. 'टॅप्स'चा उगम आपल्याला सापडला नाही, असे त्याने त्यात प्रांजळपणे म्हटले. बापलेकाची इतकी चटका लावणारी कहाणी त्या काळी फौजेत तोंडोतोंडी असती, तर या विषयाचा शोध घेणाऱ्या माणसाच्या कानांवर ती पडली नसती काय? ही कथा लोकप्रिय झाली ती विसाव्या शतकात. अजब गोष्टींचा संग्रह करणाऱ्या रॉबर्ट रिप्ले यांच्या कार्यक्रमाने तिला हातभार लावला. घटना १८६२ ची आणि कथेचा गाजावाजा ऐंशीएक वर्षांनी. मधल्या काळातला एकही साक्षीदार नाही.

तिसरा प्रश्न असा की त्या वेळी तिथे हजर असलेले कोणी बोलले आहे काय? होय. आणि इथे खरी कहाणी सुरू होते.

शिकागोहून आलेले पत्र

कोबेचा लेख वाचून शिकागोच्या ऑलिव्हर विलकॉक्स नॉर्टन यांनी मासिकाला पत्र लिहिले. १८६२ साली ते बाविशीतले बिगुलवादक होते, पेनसिल्व्हेनियाच्या ८३ व्या पलटणीत. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख होते जनरल डॅनियल बटरफील्ड. जुलै महिन्यात हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत बटरफील्ड यांनी नॉर्टनना बोलावले, एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले काही स्वर दाखवले आणि ते वाजवायला सांगितले. नॉर्टननी ते अनेकदा वाजवले. बटरफील्ड यांनी काही स्वर लांबवले, काही आखूड केले. मनासारखे झाल्यावर हुकूम दिला की आजपासून दिवे मालवण्याच्या जुन्या संकेताऐवजी हा वाजव. त्या उन्हाळी रात्री तो सूर छावणीपलीकडे दूरवर गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडींचे बिगुलवादक त्याची नक्कल मागायला नॉर्टनकडे आले.

मासिकाच्या संपादकांनी मग खुद्द बटरफील्ड यांना पत्र लिहिले. ऑगस्ट १८९८ अखेरच्या उत्तरात त्यांनी मुख्य गोष्ट मान्य केली. जुना संकेत हवा तितका गोड वाटत नव्हता, म्हणून आपण तो बदलला, असे त्यांनी कळवले. आपल्याला स्वरलेखन येत नाही, कानानेच हे जुळवले, असेही सांगितले.

पाहा, इथे दोन साक्षीदार आहेत. दोघेही प्रत्यक्ष हजर होते. ३६ वर्षांनी आठवताना बारीक तपशिलांत थोडे इकडेतिकडे होईल, पण मुख्य मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे. आणि गंमत अशी की कागद दोन्ही गोष्टींत आहे. एका गोष्टीत तो मेलेल्या मुलाच्या खिशात सापडतो, दुसरीत जिवंत सेनापतीच्या हातात असतो.

पण तपास इथेही संपला नाही

आता तुम्ही म्हणाल, झाले, 'टॅप्स'ची धून बटरफील्ड यांनी बांधली. अनेक वर्षे सगळे असेच म्हणत होते. पण १९७७ साली रसेल बूथ या अभ्यासकाने दाखवून दिले की यातही एक दुरुस्ती हवी आहे. अमेरिकन फौजेत १८३५ सालापासून 'टॅटू' नावाचा एक रात्रीचा संकेत छापील पुस्तकात होता. हा टॅटू म्हणजे अंगावरचे गोंदण नव्हे. तो शब्द डच भाषेतून आला. संध्याकाळी दारूच्या पिंपांचे नळ बंद करा, असे गुत्तेवाल्यांना सांगणारी ती दवंडी होती. बूथ यांनी जुन्या टॅटूचा शेवटचा भाग आणि 'टॅप्स' शेजारी ठेवून पाहिले, तर 'टॅप्स' जवळजवळ त्यातूनच उतरलेली निघाली. कुठे स्वर लांबवलेला, कुठे आखूड केलेला. आता नॉर्टनचे वाक्य आठवा!

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'गुरुजी, बिगुलात सूर मुळात चार-पाचच. मग दोन धुना योगायोगानेही सारख्या निघतील की!' शंका अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच नळीचे गणित आपण आधी पाहिले. नुसते सूर सारखे असणे हा पुरावा नव्हे. ते तर नळीच ठरवते. पुरावा आहे तो सुरांच्या क्रमात. लांबलचक ओळीत तेच सूर त्याच क्रमाने यावेत, हे योगायोगाने घडणे फार अवघड आहे.

म्हणजे बटरफील्ड यांनी धून शून्यातून निर्माण केली नाही. जुन्या, विस्मरणात चाललेल्या संकेताचा तुकडा घेऊन त्याला नवी लय दिली. कप्तानाच्या गोष्टीला तर याने कायमचेच उत्तर मिळते. १८६२ मध्ये मेलेल्या मुलाच्या खिशात जी धून प्रथम सापडली म्हणतात, तिचे सूर १८३५ सालीच छापले गेले होते.

मग ती अंत्यविधीत कशी आली?

याचेही उत्तर साधे, पण मन हलवणारे आहे. त्याच १८६२ सालच्या मोहिमेत जॉन टिडबॉल या तोफखान्याच्या कप्तानाचा एक गोलंदाज मारला गेला. रीतीप्रमाणे थडग्यावर बंदुकीच्या तीन फैरी झाडायच्या. पण शत्रू अगदी जवळ होता. फैरी ऐकून त्याला वाटले असते, हल्ला झाला! आणि पुन्हा लढाई पेटली असती. म्हणून टिडबॉलने फैरींऐवजी दिवे मालवण्याचा तो संकेत वाजवायला लावला. ही पद्धत हळूहळू पसरली आणि १८९१ साली नियमांत लिहिली गेली.

विचार करा. त्या प्रसंगाला कंदील नाही, हरवलेला मुलगा नाही. आहे एक साधा गोलंदाज, आणि त्याला निरोप देताना आणखी कोणाचा जीव जाऊ नये एवढी काळजी. बटरफील्ड यांची ब्रिगेडही त्याच महिन्याच्या सुमारास भयंकर लढायांतून बाहेर पडली होती. आठवड्याभरात शेकडो माणसे गमावली होती. त्या छावणीत दररोज रात्री 'आता झोपा' म्हणून वाजणाऱ्या सुरांना त्या माणसांच्या लेखी काय अर्थ असेल!

एक चुकलेला सूर

२५ नोव्हेंबर १९६३ रोजी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन स्मशानभूमीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा दफनविधी झाला. सार्जंट कीथ क्लार्क यांनी 'टॅप्स' वाजवली. सारे जग ऐकत होते. सहावा सूर फुटला.

लगेच लोक म्हणू लागले की क्लार्कनी तो सूर मुद्दाम हुंदक्यासारखा काढला. पाहा, नवी दंतकथा जन्माला कशी येते! प्रत्यक्षात क्लार्क तासन्‌तास थंडीत उभे होते आणि जवळच बंदुकांच्या फैरी झडल्या होत्या. गारठलेले ओठ पूर्वीसारखे ताणले जात नाहीत. सहावा स्वर म्हणजे आपला गंधार, पाचवी पट, ५८३ हर्ट्झच्या जागेवरचा. त्याच्या खाली सा, वर पंचम. ओठांचा ताण किंचित चुकला की सूर शेजारच्या पायरीकडे घसरतो. शिडीवर पाय निसटावा तसा. तो हुंदका नव्हता. पण ऐकणाऱ्यांच्या मनात हुंदका होता, म्हणून त्यांना तो बिगुलात ऐकू आला.

खोटी गोष्ट सोडून दिली तर काय बिघडते?

काही जण म्हणतील, 'कशाला एवढी चिरफाड? गोष्ट सुंदर आहे, राहू द्या की.' या म्हणण्यात एक धोका आहे. ज्या बिगुलवादकाचे, गोलंदाजाचे आणि सेनापतीचे नाव नोंदीत आहे, ते विसरले जातात आणि जो कप्तान कधी झालाच नाही, त्याच्यासाठी आपण डोळे पुसतो. आपल्या गावच्या मैदानावर बिगुल वाजते तेव्हा समोर उभी असलेली आई खरी असते, तिचे दुःख खरे असते. त्या दुःखाला मान देण्यासाठी बनावट गोष्टीचा टेकू लागत नाही. दिवसभराची फेरी संपवून शेवटच्या चौकीवर पोचलेला पहारेकरी, हा 'लास्ट पोस्ट'चा खरा अर्थ पुरेसा आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या तासाला वर्गात अशीच उलटतपासणी घ्या. प्रश्न चारच आहेत. नेमके कशाविषयी बोलत आहोत? ही हकिकत सर्वांत आधी कुठे आणि केव्हा लिहिली गेली? सांगणारा स्वतः हजर होता काय? आणि तिच्या आड येणारा एखादा अधिक जुना पुरावा आहे काय?

परभणीच्या मुलांना विषय शोधायला दूर जायला नको. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकता. ती कशी पडली असे विचारा, दहा वडीलधारे दहा गोष्टी सांगतील. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्या. सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली, केव्हा ऐकली तेही लिहा. मग गावच्या वाचनालयात जा आणि जुनी वर्तमानपत्रे, जुनी पुस्तके चाळा. ही म्हण छापलेली सर्वांत जुनी जागा तुम्हांला कोणत्या सालाची सापडते ते पाहा. ज्या गोष्टीत सांगितलेली घटना त्या सालानंतरची असेल, तिच्यावर फुली मारा. उरलेल्या गोष्टींचा तपास पुढे चालू ठेवा.